आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी : पाचपैकी चार तारे, गुरुवारी दोन

गिरणीचं नाव देत नाही. तक्रारही करायची आहे आणि परवा ज्वारीही टाकायची आहे.

सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला, दोन सोसायट्यांच्या भिंतींमध्ये अडकलेला एक गाळा. आत तीन चक्क्या. पहिली फक्त गव्हाची, दुसरी ज्वारी-बाजरी-तांदळाची, तिसरी डाळी, भाजणी आणि उरेल त्या सगळ्याची. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी चार ते आठ. गहू किलोला ८ रुपये, भाजणी १२. चालवणारे मामा साठीच्या आसपासचे असावेत; भुवया आणि पापण्या कायम पांढऱ्या असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. हाताखाली त्यांचा भाचा, तो कानात इअरफोन घालून डबे उचलतो. चक्कीच्या आवाजात त्याला गाणं कसं ऐकू येतं देव जाणे.

आधी पिठाचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. पीठ उत्तम. दगडाची चक्की आहे, कणीक जळकी लागत नाही, पोळी दुसऱ्या दिवशीच्या डब्यातही मऊ राहते. ज्वारी इतकी बारीक आणि एकसारखी येते की भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. "पोळीला की पुरीला?" हे मामा न चुकता विचारतात. रव्या-लाडवाचं भरडही नीट देतात. पाच किलो टाकले तर शंभर-दीडशे ग्रॅम कमी भरतं, ते सगळीकडेच. पैसे फोनवरून देता येतात, फक्त तो कोड चिकटवलेला पुठ्ठा आधी फुंकून घ्यावा लागतो.

आता तक्रार. मामांच्या तोंडी एकच वाक्य: "ठेवा काकू, अर्ध्या तासात होतंय." नऊला गेलं तरी अर्धा तास, साडेबाराला गेलं तरी अर्धा तास, गुरुवारी संध्याकाळी डब्यांची भिंत उभी असली तरी अर्धाच तास. मी अर्ध्या तासाने जाते, तर कधी डबा दळून गार होऊन कोपऱ्यात बसलेला, आणि कधी माझ्या आधीचे अकरा डबे अजून गव्हाने भरलेले. गुडघ्याचं दुखणं घेऊन एका दळणासाठी तीन खेपा म्हणजे काय ते ज्यांना गुडघे आहेत त्यांना कळेल.

गिरणीच्या रांगेत माणसं नसतात, डबे असतात. ऑइलपेंटने नाव घातलेले स्टीलचे, झाकणाला रुमाल बांधलेले प्लॅस्टिकचे, एक तर अजून डालडाचा पत्र्याचा आहे, त्याला मी नमस्कारच करते. झाकणाखाली चिठ्ठी, "बारीक", "जाडसर", "आधीचं पीठ काढून मग". लोक डबा ठेवून निघून जातात आणि मोकळ्या हाताने गेले म्हणून वाट बघत नाहीत असं समजतात. पण रांग ती रांगच, डब्यांची असली तरी.

आणि रांगांशी माझं जुनं नातं आहे. १९८४ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, परगावचे ट्रंक कॉल जोडायला. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे तीन दर्जे असायचे, आणि ऑर्डिनरीवाल्याला "लागतोय हो, थांबा" म्हणून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणजे मामांचा अर्धा तास मीही लोकांना पुष्कळ विकलेला आहे. पुढे ट्रॅफिकच्या विभागात गेले, एक्स्चेंजमध्ये कुठल्या तासाला किती सर्किटं अडकलेली असतात याचे आकडे काढायला. जानेवारी २०२० मध्ये व्हीआरएस घेतली. आकडे काढायची खोड मात्र निवृत्त झाली नाही. म्हणून यंदा आषाढात तीन आठवडे मी वही घेऊन गिरणीबाहेरच्या बाकावर बसले. मुलगा म्हणाला, "आई, लोक म्हणतील इन्कमटॅक्सची धाड आहे." मामांनी पहिले दोन दिवस खरंच जरा संशयाने पाहिलं, तिसऱ्या दिवशी चहा पाठवला.

वहीतले आकडे फक्त गव्हाच्या चक्कीचे. एक डबा सरासरी पाच मिनिटं घेतो, वजन करणं, ओतणं, कापडी सोंड झटकणं धरून. म्हणजे तासाला बारा डबे, आठ तासांत ९६. येतात दिवसाला ७७ च्या आसपास, म्हणजे तासाला साडेनऊच्या जरा वर. चक्की शंभरातली ऐंशी मिनिटं कामात, वीस मिनिटं मोकळी. कुणालाही वाटेल, वा, वीस टक्के सवड आहे, मग रांग कशाला लागेल?

ट्रॅफिकवाल्यांना विचारा. आमच्या कामाचं मापच ज्याच्या नावाचं आहे तो अग्नर क्रारुप अर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. १९०९ साली त्याने टेलिफोनच्या संभाषणांना संभाव्यतेचं गणित लावलं, आणि १९४६ मध्ये टेलिफोनवरच्या वाहतुकीच्या एककाला त्याचं नाव मिळालं. त्या घराण्यातलं अगदी साधं गणित सांगते. येणारे मनाला येईल तेव्हा येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, दळणारी चक्की एक. ती ऐंशी टक्के कामात असेल तर गिरणीत सरासरी चार डबे असणार, चक्कीवरचा धरून. नव्वद टक्क्यांना नऊ. पंच्याण्णवला एकोणीस. भार पाच-दहा टक्के वाढतो आणि रांग दुप्पट होते. आणि चार डबे सरासरीने असतील, तासाला साडेनऊ येत असतील, तर एका डब्याचा मुक्काम किती? चार भागिले ९.६, म्हणजे २५ मिनिटं. (हा भागाकार कुठल्याही रांगेला लागू पडतो हे जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलं, आम्ही मात्र तो आधीपासून बिनधास्त वापरत होतो.)

पंचवीस मिनिटं! म्हणजे मामांचा अर्धा तास खोटा नाहीच. तीस वर्षं गिरणी चालवून त्या माणसाने कागद न घेता बरोबर सरासरी काढलेली आहे. वहीत ते उत्तर आलं तेव्हा मी बाकावर बसून एकटीच हसले.

मग माझ्या तीन खेपा का होतात? कारण ती सरासरी मुरलेल्या रांगेची आहे. लोणचं घातल्या दिवशी लोणचं नसतं, फोडी आणि मसाला असतो. रांगेचंही तसंच. सकाळी शटर वर जातं तेव्हा जी काही परिस्थिती असते, रिकामी असो की तुंबलेली, तिचा वास रांगेला बराच वेळ येत राहतो. तो जाऊन रांग स्वतःच्या चवीवर यायला किती वेळ लागतो, यालाही हिशेब आहे. दळण्याच्या वेगाचं वर्गमूळ घ्या, त्यातून येण्याच्या वेगाचं वर्गमूळ वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा आणि एकाला त्याने भागा. तासाला सहाच डबे येत असते तर उत्तर जवळजवळ एक तास. आमच्या ९.६ डब्यांना साडेसात तास. आणि १०.८ आले, म्हणजे चक्की नव्वद टक्के कामात गेली, तर ३१ तासांच्या वर. बरं, एवढ्या वेळात रांग पूर्ण मुरते असंही नाही, नुसती वळणावर येते.

गिरणी सलग चालते चार तास. मग मामांचं जेवण आणि डुलकी. म्हणजे रांग मुरायला लागते तोवर बरणी हलवलेली असते. अर्धा तास ही ज्या रांगेची सरासरी आहे ती रांग आमच्या गिरणीत कधी उभीच राहत नाही.

हे कळल्यावर मी सरासरी काढणं सोडलं आणि वेळा लिहायला लागले. त्यात गंमत आहे. मला वाटायचं शटर उघडताना पहिलं जावं, रिकामी चक्की मिळेल. चूक. नऊला पायरीवर आठ-दहा डबे आधीच असतात. काही रात्री आठनंतर ठेवलेले, काही सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी ठेवलेले. पहिला येणारा अकरावा असतो. चारला तर त्याहून वाईट, कारण एक ते चार शटर बंद असलं तरी डबे यायचे थांबत नाहीत. आठवड्याच्या मधल्या वारी सगळ्यात बरी वेळ पावणेबारा ते साडेबारा: सकाळचा साठा ओसरलेला, बायका स्वयंपाकात, ऑफिसवाले ऑफिसात.

रविवारी वेगळंच. येणाऱ्यांचा लोंढा दहा ते अकरा. अकराला मी पाहिलं तर फळीवर चौदा डबे. म्हटलं आता ओसरेल, गर्दी तर संपली. बाराला सतरा! आधी मला वाटलं मोजायला चुकले. पण चूक नव्हती. लोंढा उतरला तरी अजून तासाला बारापेक्षा जास्त येतच होते, आणि येणारे बाराच्या खाली जाईपर्यंत ढीग चढतच राहणार. म्हणजे गर्दीचा तास आणि लांब रांगेचा तास हे एक नव्हेत, रांग मागाहून येते. एक्स्चेंजमध्येही हेच व्हायचं, सणाच्या सकाळचे कॉल ओसरल्यावर साहेब खुश होऊन घरी जायचे आणि बुकिंगच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आमच्या पुढ्यात त्यानंतर वाढायचा.

आता टाकीची गोष्ट. चक्कीचे दगड झिजले की त्यांना टाकी लावावी लागते, छिन्नीने खाचा पाडून धार करायची. मामा हे स्वतः करतात, पण कंटाळा करतात. दगड बोथट झाला की पाच मिनिटांचा डबा सहा मिनिटं घेतो आणि पीठ जास्त गरम येतं. एका मिनिटाने काय होतंय, असं भाचा मला म्हणाला. एका मिनिटाने तासाला बाराचे दहा डबे होतात, येणारे तेच ९.६. चक्की शंभरातली शहाण्णव मिनिटं जुंपलेली. सूत्र म्हणतं गिरणीत आता सरासरी चोवीस डबे असतील. ते चोवीस मी कधीच पाहिले नाहीत, कारण तिथे पोचायलाच अशा हिशेबाने अडीचशे तास लागतात, म्हणजे रोजचे आठ धरून महिनाभर. मी पाहिलं ते असं: सोमवारी सहा, मंगळवारी नऊ, बुधवारी आठ, आणि नंतर बारा-तेरा. प्रत्येक दिवशी मामा म्हणत होते, "आज जरा जास्त आलेत." जास्त आले नव्हते हो. येणारे तेच होते, दगड बोथट होता, आणि रांग लपतछपत चढत होती. मी वही दाखवली. त्या रात्री टाकी लागली.

गुरुवार. पुण्यात दुरुस्तीच्या नावाखाली वीज जायचा वार. जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी नऊला गेली ती पाचला आली. लोकांना गिरणी बंद आहे हे दिसत असतं, तरी डबा घरी परत कोण नेणार? पाच वाजता मी मोजले: ४० डबे. फळी भरून, पायरीवरून, शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली. मामांनी रात्री नऊपर्यंत चक्की चालवली, चार तासांत ४८ डबे दळले, आणि तरी शटर पाडताना २९ उरले, कारण तेवढ्या वेळात आणखी ३७ आले होते. शुक्रवारी दिवसभर राबून दहावर आले. फळीवर नेहमीचे चार-पाच दिसले ते शनिवारी दुपारी. आठ तास वीज गेली आणि तिचं देणं फेडायला दोन दिवस. आमच्याकडे केबल तुटली की असंच. केबल जोडली गेली म्हणून जल्लोष व्हायचा, आणि मग सगळं गाव एकदम रिसीव्हर उचलायचं. बिघाड दुरुस्त झाल्यानंतरचे तास बिघाडापेक्षा वाईट असत.

त्याच गुरुवारी एक प्रकार झाला, त्यासाठी एक तारा कापते. घाईत भाच्याने बाजरीनंतर सोंड न झटकता माझी ज्वारी टाकली. भाकऱ्या करड्या झाल्या. खाल्ल्या, पण करड्या खाल्ल्या. शेजारच्या काकूंची उपासाची भाजणी तर आदल्या कुणाच्या तरी बेसनावर दळली गेली. त्यांनी एकादशीला काय केलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा तारा अर्धवट कापून परत देते, तो "माझं दोनच किलो आहे हो, मध्ये घ्या"वाल्यांसाठी. मामा घेतात. रांगेतले चिडतात. मीही चिडायचे. खरं तर छोटी दळणं आधी काढली की सगळ्यांची मिळून वाट बघण्याची सरासरी कमीच होते. दहा किलोच्या डब्यामागे पाच जणांनी ताटकळण्यापेक्षा पाच दोन-किलोवाल्यांमागे एका दहा-किलोवाल्याने थांबणं एकूणात स्वस्त. पण तो एक दहा-किलोवाला म्हणजे कोपऱ्यावरच्या मुलांच्या खाणावळीचा पोऱ्या, आणि त्याला मी दोनदा पाहिलं, प्रत्येक वेळी त्याच्या पुढ्यात "दोनच किलो". लाइटनिंग कॉलवाला निदान जास्त पैसे तरी भरायचा.

दिवाळीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे मुरण्याचा प्रश्नच नाही. भाजणीचा डबा दहा मिनिटं घेतो, भाजलेल्या डाळींनी दगड चिकटतो, मध्ये मूठभर तांदूळ फिरवून साफ करावा लागतो. तासाला सहा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात येतात आठ. तासाला दोन डबे मागे पडणार, दिवसाला सोळा, आणि कितीही दिवस थांबा, ही रांग कुठल्याही सरासरीवर येऊन बसणार नाही. ती सरळ जिन्यासारखी चढत जाते आणि लक्ष्मीपूजनालाच थांबते. मामा रात्री अकरापर्यंत चक्की चालवतात तेव्हा कुठे मेळ बसतो. माझी चकलीची भाजणी गेल्या वर्षीपासून वसुबारसेच्या बारा दिवस आधी जाते. जावेने "एवढ्या लवकर? खवट होईल की" म्हणून नाक मुरडलं, आणि तिची धनत्रयोदशीच्या रात्री साडेदहाला मिळाली.

घरघंटी घ्या, असं पुष्कळ जण सुचवतात. सुनेच्या माहेरी आहे. एक माणूस, एक घंटी, रांग शून्य, हे खरंच. पण दोन किलोला ती जो आवाज करते आणि जेवढा वेळ घेते, त्यात माझं गिरणीत जाऊन, तीन माणसांशी बोलून, येताना कोथिंबीर घेऊन होतं.

आता तारे परत द्यायची बाजू. महिनाभरापूर्वी मी मामांना म्हटलं, "अहो मामा, अर्धा तास म्हणू नका. डबा ठेवला की पुढचे मोजा, पाचाने गुणा, आणि आपला धरून वर पाच." ते म्हणाले, "काकू, दहा किलोवाला मध्ये असला तर?" म्हटलं, त्याचे दोन धरा. हसले. मला वाटलं गेलं वाऱ्यावर. पुढच्या आठवड्यात बघते तर भाच्याने शाळेच्या पाटीसारखा एक काळा पत्रा खिळ्याला टांगलाय, आणि प्रत्येक डब्याच्या चिठ्ठीवर खडूने नाही तर स्केचपेनने वेळ. दुपारी साडेतीनला पायरीवर ठेवलेल्या डब्यावर "५.१०" असा आकडा पाहून एक गृहस्थ भांडले, म्हणाले पूर्वी अर्ध्या तासात व्हायचं. पूर्वीही पाच-दहालाच व्हायचं, फक्त साडेचारला येऊन ते एक चक्कर मारून जायचे. पत्र्यावर वरच्या ओळीत लिहिलंय: "गुरुवारचा डबा शुक्रवारी". बुधवारी संध्याकाळी आता थोडी जास्त गर्दी असते, त्याला इलाज नाही.

काल मंगळवार. बारा वाजून पाच मिनिटांनी ज्वारी ठेवली. पुढे तीन डबे होते, त्यांतला एक बाजरीचा. भाच्याने इअरफोन काढून माझ्याकडे पाहिलं, बाजरी उचलून माझ्या मागे ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "काकू, १२.२०, बाजरीच्या आधी". मी अठराला पोचले. सोंडेतून शेवटचं पीठ पडत होतं.